दोन काठांची राखण

माझा जल्म मांजरा काठचा, भालकी तालुक्यातला, अण्णा. बापानं बुद्धाचा धम्म घेतला तवा आमचा तालुका नुकताच म्हैसूर राज्यात गेलेला, आन मी परकर खोचून नदीच्या पाणथळात लव्हाळं कापायची. त्येच्या चटया इनायच्या, भालकीच्या बाजारात इकायच्या, त्याच्यावर आमची चूल, पल्याडच्या गावातल्या कैक बायांची बी तशीच.

मग ऊस आला आन मानसं बिघडली. जो तो पाणथळात चर खंदायलाय, पानी काढून उसाला जमीन करायलाय. लव्हाळं वाळाया लागलं तवा दोन्ही गावं बसली, मिळून राखायचं ठरलं. आपल्या मानसाला कोन धरंल, म्हणून आमचा राखण्या त्यांच्या काठाला आन त्यांचा आमच्या काठाला. काय ती अक्कल! काय सांगू तुम्हाला, दोन्ही गावांत पहिल्यापासून लेकी दिलेल्या, राखण्या जायचा त्यो सोयऱ्याच्या घरी च्या पिऊन, पान खाऊन वापस, चर तिथंच. असली ती मर्दं! मी म्हनले मी जाते. माझी कमल बी तिकडंच दिलेली, म्हणून समदे हसले.

आन घावला कोन, तर माझाच इवाई, कमलचा सासरा. बाजारचा दिवस बघून इंजन लावून पाणथळ उपसायलाय, खाली चर बी खंदलेला. मी इंजनाचा पट्टा काढून पदरात घेतला आन दोन्ही गावं गोळा केली. तर समद्यांम्होरं म्हनतो कसा, इवाईनबाई, लेकीच्या तोंडाकडं तरी बघा. मी म्हनले, लेकीचं तोंड बघतच आले, आज तुमचं बघायलेय, थुकायच्या बी लायकीचं न्हाई. पंचांनी चर त्येच्याच हातानं बुजवून घेतला. पागोटं सावरत, घाम पुसत बुजवायलाय, लई बरं वाटलं मला, खोटं कामून बोलू?

त्येनं सूड काढला तो बायकापोरींवर. कमलला माझा उंबरा बंद. पंचमीला न्हाई, बाळंतपणाला न्हाई. लई रडले अण्णा, पन घरात, भाईर न्हाई.

आता डोकं पिकलं माझं. कुनी सायब आला की त्योच इवाई म्होरं होतो, बघा आम्ही पाणथळ कसं राखलंय. निर्लज्ज, दुसरं काय. पन माझा उंबरा बंद केला, पाणथळाला कुठला उंबरा? सुगी सरली की लव्हाळं कापाया दोन्ही गावच्या बाया उतरत्यात, तिकडनं कमल बी उतरती. गुडघाभर पान्यात आमी मायलेकी दिसभर बोलतो, तिची लेकरं काठावरनं आजी म्हणून हाका मारत्यात. आन हा बहाद्दर, सायबाला दावायचं म्हणून का होईना, आता कुनाला तिथं कुदळ लावू देईना. जगू दे बापड्याला. आमच्या भेटीची राखण करायलाय, त्येला ठावं बी न्हाई.