सप्ताहात उभी राहिलेली माझी वीणा

वीणा बनवायचा नाद मला होता बरं का. भोपळा झरी गावच्या माझ्या सासऱ्यांच्या शेतातला, दांडी सागाची, बाकी सगळं मोबाइलवर बघून. सासरे म्हणाले, "आमच्या सप्ताहात हीच उभी करू." सप्ताह संपेपर्यंत वीणा जमिनीला टेकवत नाहीत. पहिल्या दिवशी सासरेच ती गळ्यात घेऊन उभे राहिले. भजन रंगलं आणि सांधा सुटला. दांडी त्यांच्या हातात राहिली, भोपळा खाली निघाला. मी धावत जाऊन तो झेलला.

"टेकवू नका!" सगळे ओरडले.

झालं, परभणीहून दुसरी वीणा येईपर्यंत आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे. लोक आधी त्यांच्या पाया पडायचे, मग माझ्या. सासरे समोर बघतच हळू म्हणाले, "पाव्हणे, पुढल्या साली तुमी टाळ बनवा. ते दोन तुकड्यांतच असतेत."