वर समुद्र शांत होता

दातांच्या दवाखान्यात शिवणकामवाल्या बाई सुजलेल्या गालावर रुमाल धरून बसल्या होत्या. तोंड उघडत नव्हतं, म्हणून निमूट ऐकणं आलं. शेजारच्या तरुणीने कुठला नंबर चालू आहे असं विचारलं आणि तो आवाज ऐकताच समोरचा दांडगा गडी ताडकन उठला.

“ताई, जरा ‘त्यांना वर घ्या’ म्हणा बघू.”

“अगंबाई, तुम्ही ते बंदरातले पाणबुडे?”

“तोच मी. जहाजाचा तळ घासत होतो. वर समुद्र अगदी शांत, आणि वायरलेसवर तुमचा एकच धोशा.”

“बंदरात पाण्याचं तापमान मोजायचं काम माझं. आमचे थर्मामीटर खोलवर सोडलेले असतात. खालचं गार पाणी एकदम उसळून आलं, म्हणजे आत लाट उठली. अशी लाट पाण्याच्या पोटातूनच चालते, वर मागमूस नसतो.”

“वर आल्यावर मी तुम्हाला नाही नाही ते बोललो.”

“ऐकलं. वायरलेस चालूच होता.”

“आणि थोड्या वेळाने मी ज्यात उभा राहतो तो पिंजरा वर काढला, तर जहाजावर आपटून पार चेपलेला. तेव्हापासून बायको म्हणते, त्या बाईंना शोधा, घरी जेवायला आणा.”

“खरं सांगू? तसं गार पाणी आधीही दिसलं होतं आणि काहीच झालं नव्हतं. उगाच तुमचं काम थांबवायला मन धजत नव्हतं.”

“मग बोललात कशा?”

“तुम्ही खाली गाणं म्हणत होतात, वायरलेसवर ऐकू येत होतं.”

“भसाडं असेल.”

“फारच. पण ते मध्येच थांबू नये असं वाटलं.”

आतून शिवणकामवाल्या बाईंचा नंबर पुकारला. बाई दुखऱ्या दातासकट जागच्या हलल्या नाहीत.