बासुंदीवर काय खुलतं

—पांढरा सूट? न्हाय न्हाय, मामा, मंग संपलंच की सगळं! बसा, आधी खाली बसा. मांदाडपासून चालत आलात, भाच्याच्या वरातीला घोडी ठरवायला आलात, आणि मोरू पहिल्याच बोलाला न्हाय म्हणतो, म्हणून रागावू नका — पण तिच्याकडं बघा तरी. ती काय, फणसाखाली बांधलीय. रंग कोणता? पांढरा म्हणता? दुसरं कुणी म्हणालं असतं तर— जाऊ द्या, तुमी पाहुणे. ही बासुंदी. नावही तेच आणि रंगही तोच. दूध मंद आचेवर आटत आटत कडेनं जरा तांबूस धरतं, धड पांढरं न्हाय, धड पिवळं न्हाय — तो रंग. आता हिच्या पाठीवर पांढराफेक नवरदेव बसवला तर काय होईल? घोडी मळकी दिसंल! लोक म्हणतील, मोरूनं अंघोळ न घालताच आणली. चूक एवढं पांढरं धुणाऱ्या परटाची, नि नाव कुणाचं खराब? माझ्या बासुंदीचं.

मंग लाल फेटा घालू म्हणाल. लाल कसा दिसतो सांगू? बासुंदीत मुंगी पडल्यावाणी. पिवळा? हळद सांडली. निळा — निळ्याचं तर नावच काढू नका, खाण्याच्या वस्तूत नीळ कुणी घालतं का? मवाळ रंगाला सोबती पण मवाळ लागतात, मामा. अबोली चालतो, अंजिरी चालतो, फार तर केशरी — बासुंदीत केशर घालतोच की आपण. आमच्या मंडळीचं नावसुद्धा केसर. आत हाय ती, जरा हळू बोला — तिनं मला बजावलंय, गिऱ्हाईक आलं की रंगाचं काढू नका, व्हय म्हणा नि गप बसा. पण व्हय कसं म्हणू? दिघीच्या लग्नात व्हय म्हणालो, तर काय झालं?

ठाऊक न्हाय तुमाला दिघीचं? खरंच न्हाय? मंग राहू द्या, किरकोळ गोष्ट हाय. — न्हाय, आता निघालंच हाय तर ऐका. गेल्या वैशाखात आगरदांड्याचा नवरा, दिनानाथ त्याचं नाव, होडीतनं दिघीला उतरला. मी धक्क्यावर घोडी घेऊन उभा. बघतो तर काय, कोट बासुंदी रंगाचा, विजार बासुंदी रंगाची, फेटाही तोच — शार्कस्किनचं कापड, मुंबईहून आणलेलं. घोडीला जुळवून घेतलं म्हणाला! आता सांगा, जुळवायचं म्हणजे तोच रंग का? आमटीला जुळवून कुणी भातावर आमटी नि तोंडी लावायला परत आमटी वाढतं का? वर होडीत पोट ढवळलेलं, त्यामुळं तोंडाचा रंगही तोच. पण केसरचं ऐकलं, व्हय म्हणालो, बसवला.

मांडवाच्या दारात नवरीची आत्या, मनुबाई, आरती घेऊन उभी. डोळ्यानं अधू. म्हणते, “घोडी आली गं, पण नवरा कुठाय?” कुणी काय बोलायच्या आत तिनं बासुंदीला कुंकू लावलं, ओवाळलं नि पेढा भरवला. आणि ही इतकी शहाणी, पेढा खाऊन मान लववली! बायका हसताहेत, वाजंत्रीवाल्याची सनई फुसकन बंद पडली, आणि वर दिनानाथ म्हणतोय, “अहो, मी हाय! मी इथं हाय!” मला त्याची दया आली, मामा. म्हटलं, ह्याला जरा कड दिली पाहिजे, म्हणजे घोडी कुठं संपते नि नवरा कुठं सुरू होतो ते कळंल. खोगिरावर अंजिरी झूल होती, ती त्याच्या खांद्यावर टाकावी म्हणून मी ओढली.

व्हय, तो वर बसलेला असतानाच ओढली. त्याला उतरवायचं सुचलं न्हाय, घाई होती. बाजूला कोकम सरबताचं घंगाळ. त्यात बसला. अगदी मांडी घालून. आणि उठला ना, मामा — खाली सगळा आमसुली, वर सगळा बासुंदी! काय खुलला म्हणता! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ओरडलो, “आता बसा! आता वर बसा!” — तर त्याचे मेव्हणे काठ्या घेऊन माझ्या मागं. लग्न लागलं म्हणा. नवरी अंतरपाटाआड इतकी हसत होती म्हणतात, की भटजींना मंगलाष्टकं दोनदा म्हणावी लागली.

तेव्हापासून कुणी फिरकलं न्हाय. ह्या हंगामात तुमीच पहिले. मुरुडचा एक टांगेवाला येऊन जातो, बासुंदीला हात लावून बघतो, दात बघतो, किंमत विचारतो. हिला टांग्याला जुंपणार तो! पेढा खाऊन मान लववणारी घोडी नि मागं पाच पाच माणसं, वर माशांच्या पाट्या...

उठलात? का? मी फक्त पांढऱ्याला न्हाय म्हणालो! काय? रोह्याच्या शेठची मोटार ठरवली? नवरा मोटारीत? — थांबा, मंग घोडी कशाला? नवरीची आजी अडून बसलीय, दारात घोडी आली पाहिजे? म्हणजे बासुंदी पुढं चालणार, एकटी, पाठीवर कुणी न्हाय? व्हय! व्हय म्हणजे व्हय! केशरी झूल घालतो, गळ्यात अबोलीचे गजरे — आणि मोटारीचा रंग कोणता?

पोपटी.

पोपटी, मामा? ... न्हाय, न्हाय, व्हय म्हणतो. व्हय. फक्त एक करा, मोटार वाजंत्रीच्या मागं ठेवा. बायकांच्याही मागं. वळणापलीकडं राहिली तर फार बरं. वरातीत नवरा दिसला न्हाय तरी चालंल, पण ती मोटार दिसता कामा न्हाय. ठरलं? मंग निघा आता, निघा बघू, तिला पाणी पाजायचंय.