नेत्रा मागच्या सीटवर

टोकियोच्या लायसन्स सेंटरात माझा नंबर यायचा होता. मागच्या बाकावरून मराठी कानावर आलं.

"रणजित, तुझं अमेरिकेतलं लायसन्स सस्पेंड झालं होतं ना? मग त्यावर इथलं कसं देतील?"

"सुटलं ते, वहिनी. परवाच पत्र आलं."

"पण झालं कशानं? अपघात?"

"पोटगी भरली नाही म्हणून."

"अरे! पोटच्या पोरीची पोटगी थकवलीस?"

"एक महिनाही नाही. भरायची होती तिथल्या सरकारी ऑफिसात. इकडे आल्यापासून मी पैसे स्वरूपाला थेट तिच्या खात्यात पाठवत होतो. म्हटलं, घरचा मामला, मध्ये सरकार कशाला?"

"घटस्फोटानंतर कसला रे घरचा मामला!"

"तेच म्हणाले ते. त्यांच्या कागदावर सहा महिने कोरे. मग अपील केलं, फोनवर सुनावणी झाली."

"आणि त्यांनी तुझं ऐकलं?"

"माझं कोण ऐकतंय? स्वरूपानंच लिहून दिलं, दर महिन्याला पैसे वेळेवर पोचले म्हणून. सुट्टीत नेत्राला पाठवतेय इकडे. गाडीनं समुद्रावर नेणार आहे मी तिला."

"अट नाही ना कसली?"

"ऑफिसची नाही. स्वरूपाच्या पाच आहेत. नेत्रा मागच्या सीटवर, पट्टा लावलेला, गाडी साठच्या आत, मोबाइल बंद."

"बाप रे!"

"त्यापेक्षा कोर्ट परवडलं, वहिनी."

"या चारच झाल्या. पाचवी?"

"नेत्राला परत सोडायला मीच जायचं, आणि स्वरूपाकडे जेवल्याशिवाय निघायचं नाही."