शेजारचं पिठलं

संचारबंदीआधी दळण व्हावं म्हणून लालबागच्या चक्कीवर रांग लागली होती. सत्यभामेचा नवरा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेला तो कालपासून परतला नव्हता. त्याच्या भाकरीची नाचणी घेऊन ती उभी होती. पुढे दोघी बोलत होत्या.

“द्वारके, गोळीबार झाला म्हणतात. तुझे धनी आले?”

“येतील.”

“आज चूल नको पेटवू गो. पिठलं-भात मी आणते.”

“का?”

“सहज आपलं.”

“शेजारचं पिठलं मयताच्या घरी जातं, वहिनी. माझ्या दारात आणू नका. कुळथाची पिठी मीच करणार, लसणीची फोडणी देऊन.”

सत्यभामेने डबा खाली टेकवला. शेजारणीने आग्रहाने दिलेलं पिठलं ती सकाळीच जेवून आली होती.