दसऱ्याच्या दिवशी गेलेलं घर

माझं माहेर संग्रामपूरच्या पलीकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं, पन तिथं मी राह्यली थोडीच. माय गेली तसा बाप मले घेऊन मलकापुरात आला, कापसाच्या जिनात सरकीच्या ढिगावर कामाले लागला, अन् मी जिनाच्या आवारातच वाढली. लोकाले आवाजानं जाग येते, मले इंजन बंद पडलं की जाग येत होती, अशी मी पोट्टी. भाऊ नाई, बहीन नाई. भाऊबीजेले आजूबाजूच्या पोरी भावाले ओवाळत अन् मी आंगनात उभी राहून चंद्राले ओवाळत होती, ज्या बाईले भाऊ नाई तिनं चंद्राले ओवाळावं असं आपल्याकडे हायेच, पन बीजेचा चंद्र केवढा, नखाएवढा, ढग आला की तोही नाई. मी तबक घेऊन उभी, अन् बाप घरातून म्हने, पोरी आटप आता, दिसला नाई तरी तो तिथंच हाये.

त्या जिनातलेच इंजनाचे मिस्त्री, त्याइच्याशी माझं लगीन झालं. सारा गाव त्याइले मिस्त्री म्हने, मीही मिस्त्रीच म्हनते, मास्तर, तुमीही तुमच्या वहीत तेच लिहा. हंगामात जिनाचे इंजन, हंगाम सरला की लोकाइच्या विहिरीवरचे इंजन, आज मेहकर तं उद्या संग्रामपूर, बैलगाडीत अवजारं टाकाची अन् निंघाचं, महिना महिना मानूस घरी नाई. मी म्हनलं, असं कसं जमंन, एक तं तुमी घरी राहा नाई तं घर तुमच्यासंगं येऊ द्या. मी आपली चिडून बोलली होती, त्याइनं ते मनावर घेतलं.

जर्मन-जपानची लढाई संपली तवा सरकारनं लष्कराच्या गाड्या लिलावात काढल्या होत्या. मिस्त्रीनं आपल्या हिश्शाचं वावर भावाले देलं, मी पाटल्या देल्या, अन् एक दिवस नागपूरकडून गाडी आली. काय सांगू तुमाले, ती जखमी शिपाई नेन्याची गाडी होती. मागं दार, आत दोन्ही बाजूले जखमी मानसाले निजवाच्या फळ्या, एकावर एक. त्यातली खालची फळी माझी, समोरची मिस्त्रीची, वरच्या फळीवर पीठ, दाळ, तेलाचा डबा, अन् छताले एक कडी, तिले सुमनचा पाळना. सुमन माझी लेक, तिचा जलम त्या गाडीतलाच. बाहेर लाल अधिकाचं निशान होतं, दवाखान्याचं असते ना तसं, मिस्त्रीनं त्याच्यावर हिरवा रंग देला, पन उन्हात तो लाल निंघेच, तं गावोगाव लोक तापाचे मानसं घेऊन येत अन् म्हनत, डाक्टर कुठी हायेत. मिस्त्री म्हनत, इंजनाले ताप असंन तं आना. बाया मले हासत, घराले चाकं लावले वं बाई तुवं, नवऱ्याशी भांडन झालं तं घरासुद्धा माहेरी जाशीन. मी म्हनो, जाईन ना, माहेर राह्यलं कुठी.

आता गाडी आली पन ती चालवाले कोन. मिस्त्रीले इंजन सारं समजे, चाक हातात घेतलं की गाडी नालीत. म्हनून भगवान आला. हा भगवान लढाईत डायवर होता, सुटून आला होता, याच बाजूचा, मायबाप नाई, बायको नाई. तो गाडीसंगंच आला असं समजा. पहिल्या दिवाळीले आमी डोनगावात गनपत माळ्याच्या मळ्यात उभे होतो, भाऊबीजेले मी तबक घेऊन बाहेर निंघाली अन् चंद्राकडे तोंड केलं, तं भगवान म्हने, बाई, तो वरचा काय देईन तुले, मी बसतो ना पाटावर. अन् बसला. टोपी सरळ केली अन् लहान पोरावानी बसला. त्या दिवसापासून तो माझा भाऊ, सुमनचा मामा. माझ्या हातची भाकर खाये अन् म्हने, लष्करात अशी भाकर भेटती तं लढाई आमीच आधी जिंकली असती.

गाडी साऱ्याच्या डोळ्यावर आली होती. मोटार म्हंजे तवा केवढी गोष्ट. भगवाननंच आमाले राखाले शिकवलं. इंजनात एक रोटर असते, अंगठ्याएवढा काळा तुकडा, तो काढून घेतला की इंजनाले ठिनगी भेटत नाई, कोनी किती हांडल मारो. तो म्हने, लष्करात असंच करतात, गाडी सोडली की रोटर खिशात. मंग रोज सांजेले मिस्त्री रोटर काढून कोपरीच्या खिशात टाकत, हांडल माझ्या उशाशी, अन् समोरच्या चाकातून मोटेची जुनी साखळी घालून ती निंबाच्या झाडाले, तिले हे एवढं कुलूप. अन् येवढं करूनही भगवान गाडीच्या खाली सतरंजी टाकून निजे. मी म्हनो, आरे, पारावर निज, देवळात निज. तो म्हने, गाडीले हात लावनाऱ्यानं आधी मले ओलांडावं. आमी कुत्रं पाळलं नाई, कायले पाळाचं.

आता तुमी शिकलेले, तुमाले हासू येईन, पन आमच्या कारागिराच्या घरची रीत अशी. खंडेनवमीले सारं लोखंड धुवाचं, पुसाचं, पाटावर मांडाचं, हळदकुंकू लावाचं, अन् दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं, आपट्याचं पान, त्याच्यावर वाह्यल्याबिगर त्याले हात लावाचा नाई. वर्षभर ते आपल्यासाठी राबते, एक दिवस त्याले आराम. पाने-पकडी, हातोडे, घन तं ठेवलेच, पन मिस्त्री म्हनत, साखळीही राबते, कुलूपही राबते, हांडल राबते, रोटर तं साऱ्यात जास्त. त्या साली आमी पुन्हा डोनगावात गनपत माळ्याच्याच मळ्यात होतो, त्याच्या घरी पाट मांडला होता, गाडीत जागा नोहती म्हनून, अन् सारं तिथं ठेवलं. गाडीले झेंडूचा हार घातला. अन् गाडी निंबाखाली मोकळी.

दसऱ्याच्या सांजेले मानसं शिवेवर सोनं लुटाले जातात अन् बाया मारुतीच्या पाराजवळ तबक घेऊन उभ्या राहतात. माझं मन होईना. मी म्हनलं, मी गाडीपाशीच थांबते. भगवान म्हने, बाई, सनाचा दिवस हाये, साऱ्या बाया पारावर अन् तू काय गाडीले ओवाळतं का, जाय, नवऱ्याले ओवाळाले कोनी नको का. सुमनले त्यानं खांद्यावर घेतलं अन् मिस्त्रीसंगं गेला. मी नवं काठाचं नेसली अन् पाराकडे गेली. वाजंत्री अशी वाजून राह्यली होती की बाजूची बाई बोलली तं तोंड दिसे, शब्द येत नोहता.

शिवेवरून सारे आले तरी हे दोघं येईनात. मंग आले. मिस्त्री म्हने, या भगवाननं आज सारा गाव मले गळ्याले भेटवला, ज्याले मी वळखत नाई त्यालेही. मी दोघाइले ओवाळलं. भगवाननं माझ्या हातावर पान ठेवलं अन् म्हने, घे बाई, सोन्यासारखी राय. मंग माळ्याच्या घरी जाऊन पाटावर सोनं वाह्यलं, मिस्त्रीनं साखळी खांद्यावर टाकली, कुलूप मी घेतलं, हांडल भगवाननं घेतलं, रोटर मिस्त्रीच्या खिशात, अन् आमी मळ्यात आलो.

निंब होता. माझ्या चुलीचे तीन दगड होते, राख होती. गाडी नोहती. तिथं तुटलेला झेंडूचा हार पडला होता, चाकाखाली येऊन चपटा झालेला.

मिस्त्री साखळी घेऊन तसेच उभे. मले रडू नाई आलं, मी चूल पाहून राह्यली होती, म्हनलं आता सैपाक कुठी करू, पीठ तं गाडीत हाये. भगवान रडला. खाली बसून, माती हातात घेऊन रडला. अन् सुमन त्याले इचारे, मामा, आपलं घर कुठी गेलं.

मंग शोध. भगवान पुढं. जमादाराकडे तोच बोलला, रंग सांगतला, निशान सांगतलं, कुठी पत्रा चेपला ते सांगतलं. जमादार मले म्हने, बाई, घर गेलं म्हनतं का गाडी गेली म्हनतं, एक काहीतरी सांग, घर चोरीले जात नसते. मी म्हनलं, साहेब, माझं गेलं. चिखलीच्या रस्त्यानं, मेहकरच्या रस्त्यानं भगवान पायी फिरला, सुमनले खांद्यावर घेऊन, पायाले फोड आले त्याच्या, मी गरम पान्यानं शेकले. मिस्त्री म्हने, रोटर तं माझ्या खिशात हाये, मंग गाडी चालू झाली कशी. भगवान म्हने, बैलं जुंपून ओढत नेली असंन. पन बैलाच्या खुराचं निशान नोहतं, हे आमाले तवा सुचलं नाई.

माळीनबाईनं आमाले कांद्याची खोली रिकामी करून देली. भाऊबीज आली. मी म्हनलं, यंदा काय ओवाळाचं, तबकही गाडीत गेलं. माळीनबाईनं तिचं तबक देलं, अन् भगवान पाटावर बसला, अन् तबकात त्यानं लुगडं टाकलं, हिरवं, नागपुरी काठाचं. मी म्हनलं, आरे, एवढं कायले. तो म्हने, बाई, तुयाजवळ नेसाले काय राह्यलं. मले असं भरून आलं मास्तर. मी म्हनलं, गाडी गेली तं जाऊ दे, देवानं भाऊ तं ठेवला.

पुढं मिस्त्रीले मलकापूरच्या जिनात काम निंघालं, मीही गेली. ते लुगडं नेसून गेली, जुन्या वळखीच्या बायाइले दाखवाले. मिस्त्री जिनात गेले अन् मी मोटारीच्या सामानाच्या दुकानावर गेली, मिस्त्रीनं इंजनाचा पट्टा सांगतला होता. दुकानाचा सेठ वळखीचा, भला मानूस, गाडीचं त्याच्या कानावर नोहतं. पट्टा बांधता बांधता म्हने, मिस्त्रीनबाई, दसऱ्याच्या आधी तुमच्या भावानं रोटर नेला, खास मुंबईहून रेल्वेनं बलावला होता मी, बराबर बसला का नाई? मी म्हनलं, बसला. अन् पट्टा घेतला अन् ठेसनापर्यंत चालत गेली अन् तिथं बाकड्यावर बसली, अन् अंगावरचं लुगडं मले असं लागे जसं ओलं हाये. पन तिथं बाई काय बदलन.

मिस्त्री ठेसनावर आले तवा त्याइले सांगतलं. डोनगावले आलो. भगवान खोलीच्या दारात बसला होता, सुमनची वेनी घालून राह्यला होता. म्हने, बाई, मलकापुराहून काय आनलं? मी त्याले ताट वाढलं. खाली बसला, दोन घास खाल्ले, मंग मी इचारलं, भगवान, तू रोटर काऊन घेतला होता?

त्यानं घास ताटात ठेवला. खोटं बोलला असता तं मी कदाचित मानलं असतं, सांगते तुमाले, मले मानाचंच होतं. पन तो म्हने, बाई, मी गाडीखाली निजलो. पावसात निजलो, थंडीत निजलो. वर तुमी, खाली मी. चालवत मी होतो अन् लोक म्हनत मिस्त्रीची गाडी. जालन्याकडच्या एकाले देली, त्याचा डायवर दसऱ्याले आपलं हांडल घेऊन आला, मी आनलेला रोटर बसवला अन् गाडी घेऊन गेला. मले वाटलं मिस्त्रीच्या हातात इल्लम हाये, हुन्नर हाये, त्याइले दुसरी होईन, मले कोन देईन.

मी म्हनलं, मागून तं पाह्याचं होतं. तो म्हने, मागितली असती तं तुमी वरची फळी देली असती, चाक नसतं देलं.

मिस्त्री उठले. मले वाटलं आता मारतात. त्याइनं पान्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला अन् मले म्हने, जेवन होऊ दे त्याचं. अन् बाहेर गेले. भगवान जेवला, मास्तर. मान खाली घालून सारं ताट संपवलं, आपलं ताट आपन घासलं, पालथं घातलं, अन् मळ्याच्या वाटेनं निंघून गेला. सुमनची एक वेनी झाली होती, एक राह्यली होती. ती मी घातली नाई त्या दिवशी, तशीच फिरली पोरगी.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री जमादाराकडे गेले. तो म्हने, जालन्याले गेली म्हंजे मोगलाईत गेली, तिथं निजामाचं राज, आपला हात तिथं पोचत नाई. मंग तेही राज गेलं. मिस्त्री एकदा जाऊन आले. म्हने, पाह्यली, बाजारात मिरच्याचे पोते वाहते, पिवळा रंग देला हाये, पन उन्हात लाल निशान अजून दिसते. मी म्हनलं, अन् कडी? म्हने, आत नाई पाह्यलं. बस, एवढंच बोलनं झालं. ज्यानं घेतली त्यानं पैसे देऊन घेतली, त्याच्याशी काय भांडाचं, अन् कागद दाखवाले आमचे कागद तं गाडीतच होते.

ते लुगडं मी फाडलं. मिस्त्रीले इंजनाचं तेल पुसाले चिंध्या लागतात, त्या केल्या. काठानं तेल पुसल्या जात नाई, तो साराच आधी काढला.

मले लय दिवस झोप नोहती मळ्यातल्या या भिताडाच्या घरात. छत दूर वाटे. गाडीत कोनी कूस बदलली की घर हाले, समजे की आपलं मानूस जागं हाये. हे घर हालतच नाई. मिस्त्री झोपताना अजून कोपरीच्या खिशाले हात लावतात. रोटर तिथंच असते. त्याइले म्हनलं कोन्या गाडीले लावान आता, तं म्हने, राहू दे, वजन थोडंच हाये.

आता मेहकरची सरविस गाडी मळ्यावरूनच जाते, मिस्त्री तिच्यात बसून इंजनं पाह्याले जातात. लोक म्हनतात आपला वऱ्हाड आता नागपूरचा राहनार नाई, मुंबईले जोडनार. जोडोत. खंडेनवमीले पाट मी अजून मांडते, पाने, हातोडे, घन, साखळी, मंधात रोटर. कुलूप मात्र ठेवत नाई. ते दाराले लावलेलंच असते, तिथंच जाऊन त्याले कुंकू लावते, अन् म्हनते, तुले आराम नाई बापा, तू राग मानू नोको.

अन् भाऊबीजेले पुन्हा आंगनात येते. तो वरचा निंघते, नखाएवढा. त्याले ओवाळते. एखाद्या वर्षी भगवानचं नाव तोंडात येते, गिळते. कुठी हाये, जेवते का नाई, कोनाच्या गाडीखाली निजते, हे मनात येतेच, येऊ नाई म्हनलं तरी येते.

तुमची बहीन हाये म्हनता अमरावतीले. परवा बीज हाये, जा तिच्याकडे. वाट पाहत असंन. लुगडं-गिगडं काई नेऊ नोका. नुसते जा, पाटावर बसा, अन् ती काय वाढंन ते जेवा.