शेवंतीची जागा

— न्हाई साहेब, नक्कल न्हाई ती. मूळ तसवीर हॉलंड म्हनून मुलूक हाय तिथली, आमच्या मालकांनी, मास्तरांनी, हैदराबादला शिकताना पुस्तकात पाह्यली व्हती. मागं काळंशार, म्होरं काचेची फुलदाणी, आन त्यात फुलंच फुलं. पन मास्तर म्हनायचे, कमल, ती फुलं त्यांची, आपुन आपली काढू. बसा की, चहा टाकते — नको? बरं. तर सोनपेठच्या शाळेत ड्रॉइंग शिकवून आले की ह्याच भिताडापाशी बसायचे, जवसाच्या तेलाचा वास घरभर. आन जिद काय, तर समोर फूल असल्याबिगर ब्रश उचलायचा न्हाई, ध्यानातलं काढायचं न्हाई. मंग काय — पळस फुलला तवा पळस, उन्हाळ्यात मोगरा, पावसाच्या चार सरींवर आला तेवढा तेरडा. एका पितळी तांब्यात सगळं वरीस! लोक हसायचे. वर मधोमध शेवंतीला जागा सोडली, हिवाळ्याची वाट बघत. फुलं कोन आनायचं? आमची लेक, पंचफुला. नऊ वर्साची.

ते बहात्तर साल, साहेब. तुमाला काय सांगायचं. माणसाला प्यायला पानी न्हाई, तिथं शेवंती कुठली. पोरगी रोज हिंडून यायची आन म्हनायची, बाबा, आजबी न्हाई फुलली — जशी काय तिचीच चूक. आन ऐन थंडीत जुलाब, उलट्या. दोन दिस. परभणीला न्यायला स्टँडवर बसलो, एस्टी यायच्या आत मांडीवरच गेली.

मातीला शाळेतले बाकीचे मास्तर लोक आले. कुनीतरी परभणीहून शेवंतीचा हार आनला व्हता. पोरीला खाली ठेवताना आमच्या मास्तरांनी त्या हारातलं एक फूल काढून घेतलं — मी पाह्यलं. घरी आलो. बाया माझ्याभोवती रडायल्यात, आन ह्यो मानूस भिताडाकडं तोंड करून रंग कालवायलाय! लेकीला पुरून आल्या दिशी! तवाच ठरवलं, ह्याच्याशी बोलायचं न्हाई. न्हाई बोलले. अडीच वर्स. भाकर वाढायची आन तोंड फिरवायचं. त्यांनी तसवीर फडक्यानं झाकून ठेवली. म्हनायचे, कमल, एकदा बघ तरी. मी मान वळवली न्हाई.

पन राग त्यांच्यावरच व्हता का? तुमी इचारलं न्हाई, मीच सांगायलेय. पानी कुनी आनलं व्हतं? मी. नदीतल्या खड्ड्याचं, गढूळ. उकळून दे, उकळून दे — मास्तरांनी दोनदा बजावलं व्हतं. सरपन न्हवतं घरात… न्हाई. व्हतं. सरपन व्हतं, साहेब. कट्टाळा केला त्या दिशी. त्यांना ठावं व्हतं. अडीच वर्सांत त्यावर एका शब्दानं बोलले न्हाईत. एकदा जरी म्हनले असते, तुझ्यामुळं — तर भांडले असते मी. बोलले तरी असते.

मागल्या महिन्यात त्यांच्या छातीत कळ आली आन गेले. पुण्यानुमोदन झालं, पाव्हने गेले, तवा फडकं काढलं. सगळी फुलं ताजी, टवटवीत, आन शेवंती मलूल — देठाला मुडपलेली, हारातून आली तशी. समोर जशी व्हती तशी काढली. तिच्या एका पाकळीवर पान्याचा थेंब. मला वाटलं वरून गळायलंय कुठं, पदरानं पुसायला गेले. जाईना. पुसतच ऱ्हायले. मंग ध्यानात आलं, रंगाचाच हाय. आन तोंडातून गेलं — अहो, हे कसं काढलं? अडीच वर्सांनी पहिला शब्द, साहेब. घरात कुनी न्हाई.

हां, तुमच्या शाळेसाठी न्या म्हनून मीच कळवलं व्हतं, खरं हाय. तुमी एवढ्या लांबून आलात. ते नकाशे न्या, त्या तिकडल्या तसविरी न्या. ही न्हाई देत. उठा आता, परभणीची गाडी चुकंल. दार तेवढं लोटून घ्या.